कवठदऱ्याच्या रानातले आठ चौकोन

मृत्युपत्र

मी, विजयमाला भ्र. आसाराम शिनगारे, वय ६९ वर्षे, धंदा शेती, रा. कवठदरा, ता. धारूर, जि. बीड, माझ्या पश्चात कोणाला काय द्यायचे ते आज दि. ३ मार्च २०२५ रोजी स्वतःच्या हाताने लिहायला घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. साखर आणि रक्तदाब दोन्ही आहेत, पण त्यांचा डोक्याशी संबंध नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी कोणत्याही नशेच्या अमलाखाली नाही. हे वाक्य हरिओम वकिलांच्या नमुन्यात होते म्हणून ठेवले. हरिओम माझ्या मैत्रिणीचा मुलगा, धारूरला वकिली करतो. तो टाईप करून देतो म्हणाला, मी नको म्हणाले. टाईप केलेल्या कागदावर मी एकदा सही केली होती, ते पहिल्याच कलमात येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आत्ता करण्याची कारणे दोन. पहिले, माझा मुलगा अमरसिंह याने दिवाळीत येऊन रिकामा गोठा टेपने मोजला आणि मला काही विचारले नाही. दुसरे, सात वर्षांपूर्वी मी एका माणसाबद्दल गावात खोटे बोलले, आणि त्या खोट्याचा पुरावा माझ्याच रानात उभा आहे. रान गेले तर पुरावा जाईल आणि माझे खोटे कायमचे खरे होऊन बसेल. ते मला नको आहे.

१. जमीन माझी कशी, याबद्दल. मौजे कवठदरा येथील गट नं. ११४, क्षेत्र २ हेक्टर ८० आर, म्हणजे बोलीभाषेत सात एकर. पूर्वेस दीर आप्पाराव यांचे शेत, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा, उत्तरेस गायरान. ही जमीन मूळची आमच्या मालकांची. सन २००१ मध्ये त्यांना महिलांची दूध संस्था काढायची होती. बायकांची संस्था, म्हणजे अध्यक्ष बाई पाहिजे, आणि बिनजमिनीची अध्यक्षीण शोभत नाही असे त्यांना कोणीतरी सांगितले. म्हणून त्यांनी सगळा गट माझ्या नावे बक्षीसपत्राने केला. सही करताना मला म्हणाले, “नुसतं कागदाला कागद हाय. वाचत बसू नको, बस निघून जाईल.” मी वाचले नाही. बस मिळाली. त्यांच्या पश्चात तो कागद वाचला, तेव्हा कळले की बारा वर्षे मी माझ्याच शेतात हुकूम ऐकत होते.

२. गोठ्याबद्दल. त्या जमिनीवर आमच्या मालकांनी ऐंशी फुटी पत्र्याचा गोठा बांधला आणि बत्तीस संकरित गायी बांधल्या. दूध तेलगावला जाई. सगळे रान मका आणि घासाखाली. घरात ज्वारी विकतची, डाळ विकतची, आणि सात एकरांची मालकीण असून कोथिंबिरीची जुडी मी बाजारातून आणायची. कष्टाला ते कमी नव्हते, हेही लिहून ठेवते. गाय आजारी पडली की जेवत नसत.

गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला तर मात्र त्याच्या वाट्याला दूध येत नसे. बऱ्याच गोठ्यांत तसेच चालते आणि कोणी बोलत नाही. गोऱ्हा मेला की गाय पान्हा चोरते. मग आमचे मालक त्याच्या कातड्यात भुसा भरून ते चार काठ्यांवर गाईपुढे उभे करीत, आणि गाय ते चाटत दूध देई. मैना नावाच्या गाईने चाटून चाटून एकदा शिवण उसवली आणि आतला भुसा खाल्ला. मला त्या दिवशी लाज वाटली. ती कोणापुढे बोलून दाखवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच कातडे मी दाभणाने पुन्हा शिवले.

३. रान कसे झाले, याबद्दल. आमचे मालक सन २०१३ मध्ये वारले. २०१६ च्या उन्हाळ्यात चारा संपला आणि उरलेल्या अठरा गायी घेऊन मी सत्तेचाळीस दिवस चारा छावणीत राहिले. छावणीवरून एक दिवस सटवा देवकते आपली मेंढरे घेऊन चालला होता. सटवा मेंढपाळ, दर साली सुगी झाली की आमच्या भागात यायचा, म्हणून तोंडओळख होती. उभा राहून त्याने माझ्या गायी पाहिल्या आणि मनापासून विचारले, “बाई, ह्या कावून आणल्यात हितं? ह्यांना चालता येत न्हाई का?” त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते.

परत आल्यावर मी सगळ्यांची दावी सोडली. गायी तासभर गव्हाणीपाशीच उभ्या राहिल्या. एकीला ढकलून बाहेर काढले, ती दारात उन्हाकडे बघून पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. पुढच्या दोन वर्षांत मी त्या जाणत्या माणसांकडे दिल्या. मैना ठेवली, ती इथेच म्हातारी होऊन मेली. दोन लाल कंधारी गायी आणल्या, कोंबड्या आणल्या. उताराला आडवे चर खोदले, पत्र्यावरचे पाणी टाकीत घेतले. मका मोडून बाजरी, तूर, मटकी, हुलगा, करडई एकमेकांत पेरले. शेणाचा गॅस केला. आता मीठ, चहा, साखर आणि माझ्या गोळ्या एवढेच बाहेरून येते. पुण्याहून बघायला येणारे लोक याला पर्माकल्चर म्हणतात. मी रान म्हणते. तालुक्याला माझा सत्कारही झाला. त्यात मिळालेले लाकडी चिन्ह कोंबड्यांच्या खुराड्याचे दार अडवायला चांगले आहे, ते तिथेच राहू द्यावे.

४. घर आणि जंगम मालाची वाटणी.

(अ) तेलगावचे घर व खालचे पशुखाद्याचे दुकान अमरसिंह यास. तो तिथेच राहतो, त्यामुळे त्याला काही हलवावे लागणार नाही. कडबाकुट्टीचे यंत्र, दूध काढायचे यंत्र आणि चौदा कॅनही त्यालाच. गोठ्याचे पत्रे मात्र नेऊ नयेत, टाकीचे पाणी त्यांच्यावरून येते.

(आ) माळ्यावर पोत्यात गुंडाळलेले वासराचे कातडे आहे. तेही अमरसिंह यास. त्याला साठ गायींचा नवा गोठा काढायचाच असेल तर स्वतःची जागा घेऊन काढावा, मी अडवणारी कोण. पण हे कातडे गोठ्याच्या दारात टांगावे आणि कोणी विचारले तर खरे सांगावे.

(इ) माझ्या पाटल्या सूनबाईला. तिने कधी मागितल्या नाहीत, म्हणून.

(ई) बँकेत जे असेल त्यातून माझे दिवस करावेत. पंगत मोठी घालू नये. रानात त्या वेळी जे पिकले असेल तेच शिजवावे, आणि काहीच नसेल तर हुलग्याचे पातळ माडगे करावे. उरलेले सूनबाईचे.

(उ) विळे, कुदळी, पाट्या रानातच राहतील. माझे खुरपे डाव्या हाताचे आहे, धारूरच्या लोहाराकडून खास वाकवून घेतलेले. ते दुसऱ्या कोणाला चालत नाही, हात कापतो. आठवण म्हणून खुंटीला लावू नये, मोडीत द्यावे.

(ऊ) राखेत ठेवलेल्या बियाण्यांची एकोणीस मडकी आहेत. मागेल त्याला मूठभर द्यावे. विकू नये.

५. दीर आप्पाराव यांच्याबद्दल. भाऊजींचे आणि माझे पूर्वेच्या बांधावरून वीस वर्षे भांडण आहे. दर नांगरटीला बांध माझ्या बाजूला एक वीत सरकतो आणि भाऊजी म्हणतात की तो पावसाने सरकतो. पाऊस दर साली एकाच बाजूला कसा पडतो ते त्यांनी अजून सांगितलेले नाही. मी त्यांना काहीही ठेवलेले नाही. हरिओम म्हणतो, ज्याला काही मिळत नाही तो माणूस साक्षीदार म्हणून उत्तम. त्यामुळे भाऊजींना साक्षीला बोलावले आहे.

६. जमिनीबद्दल. गट नं. ११४ संपूर्ण, त्यावरील गोठा, टाकी, झाडे, दोन्ही गायी, कोंबड्या व राहत्या दोन खोल्यांसह, मी माझी नात संस्कृती अमरसिंह शिनगारे, वय २४, हिच्या नावे ठेवते. माझ्यानंतर ती एकटी मालक राहील. अमरसिंहने किंवा दुसऱ्या कोणी हरकत घेऊ नये.

कारण लिहिते, नाहीतर म्हातारीला भुलवले असे म्हणतील. शेतकी शिकून संस्कृती तीन वर्षांपूर्वी इथे आली ती परत गेली नाही. दिवाळीत अमरसिंह टेप गुंडाळत म्हणाला, “आई, बोरी-बाभळीचं रान ठिवून काय करायचं? जेसीबीला दोन दिवस लागतेत. गोठा आयता हाय, सहा एकर मका व्हईल.” मुलगा वाईट नाही. बापाचे कष्ट वाया गेले असे त्याला वाटते, आणि ते वाटणे मी समजू शकते. संस्कृतीने बापाकडून टेप मागून घेतला आणि दिवसभर झाडे मोजली, रानाचा नकाशा काढला. संध्याकाळी माझ्यापुढे कागद धरून म्हणाली, “आज्जी, ही झाडं अशी चौकोनात कावून आलीत? आठ चौकोन हायत बघ.” मी म्हणाले, मीच तशी लावली. तिने मान हलवली आणि वहीत तसे लिहून घेतले. माझे खोटे तिच्या वहीत गेलेले मला सहन झाले नाही. पुढचे कलम त्यासाठी आहे.

७. सटवा धोंडिबा देवकते यांच्याबद्दल. शेतात मेंढ्या बसवण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. सुगी झाली की मेंढपाळ रानात येतो, रात्री जाळ्याची वाघर लावून तिच्या आत मेंढरे बसवतो, रोज वाघर पुढे सरकवतो, आणि शेताला खत मिळते. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. किती राती बसायचे ते आधी ठरते. पण उठायचे कधी, हा शब्द मेंढपाळाचा असतो, कारण भोवतालचा चारा संपला की नाही ते त्याला कळते.

मार्च २०१८ मध्ये मी सटवाची मेंढरे बसवली. सव्वाशे मेंढ्या आणि वीसेक शेळ्या. पाच राती ठरल्या होत्या. आदल्या पावसाळ्यात मी खालच्या पट्ट्यात आंबा, चिंच, शेवगा, हादगा अशी तीनशे चाळीस रोपे लावली होती. पाचव्या रातीनंतर सटवा म्हणाला, “बाई, आता उठतो. भवताल संपलं.” मी नाही म्हणाले. दुधाच्या धंद्यात जास्त म्हणजे चांगले, हे माझ्या अंगात मुरले होते. लेंड्यांचेही तसेच वाटले. आणखी तीन राती खालच्या पट्ट्यात, रोपांशेजारच्या मोकळ्या जागेत बस, मगच ज्वारी देईन, असे सांगितले. तो एकच वाक्य बोलला, “मेंढरू उपाशी ऱ्हायलं तर माझं बी ऐकत न्हाई.” तरी बसला, कारण ज्वारी माझ्या कोठीत होती.

आठव्या रातीनंतर उजाडता उजाडता मेंढरांनी वाघर पाडली आणि तीनशे चाळीस रोपे खाल्ली. एक उरले नाही. मी चावडीपुढे जाऊन सांगितले की सटवाने राग धरून मेंढरे मुद्दाम सोडली, आणि जादा तीन राती तो आपणहून बसला. आप्पाराव भाऊजींनी काही पाहिलेले नव्हते, तरी भावकी म्हणून उभे राहून “वहिनी खोटं बोलत न्हाईत” अशी ग्वाही दिली. मी ज्वारी दिली नाही. हेच धारूरच्या बाजारात सांगितले. त्या साली या भागातल्या पाच गावांत कोणीच त्याची मेंढरे बसवली नाहीत. तो घाटनांदूरकडे निघून गेला आणि इकडे पुन्हा आला नाही.

पुढच्या साली परतीचा पाऊस चांगला झाला आणि रानात रोपे वर आली. बोर, बाभूळ, हिवर. मी एकही लावलेले नव्हते. गायरानात खाल्लेल्या शेंगांच्या बिया लेंड्यांतून पडल्या होत्या, बोराच्या आठोळ्या शेळ्यांनी रवंथ करताना थुंकल्या होत्या. जिथे जिथे वाघर लागली होती तिथे तिथे, वाघरीच्या मापाने, रोपांचा एकेक चौकोन उगवला. वरच्या अंगाला पाच, खालच्या पट्ट्यात तीन. खालचे तीन हाच माझ्या खोट्याचा पुरावा, कारण मालकिणीने सांगितल्याशिवाय रोपांना लागून कोणी वाघर लावत नाही. त्यांना पाणी लागले नाही की राखण लागली नाही. गायींना सावली तीच, जळण तेच, कुंपण तेच. या रानाचा अर्धा भाग सटवाच्या मेंढरांनी लावला आहे. चौकोन डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून मी मध्ये सीताफळ लावले. तरी पाहुण्यांच्या लक्षात येत. ते माझ्या आखणीचे कौतुक करीत आणि मी करू देत असे. सत्कारही त्याच आखणीचा झाला.

सबब मी ठरवते की, सटवा देवकते व त्यांच्या वारसांना गट नं. ११४ मध्ये दर साली सुगीनंतर मेंढ्या बसवण्याचा कायमचा हक्क राहील, राहिलेली ज्वारी त्यांना द्यावी, आणि

(हे शेवटचे वाक्य इथे थांबवून आडव्या रेघेने खोडले आहे, त्यावरचा मजकूर कायम आहे. का, ते खाली. खोडलेले वाचता येते, तसेच ठेवावे असे मी हरिओमला सांगितले. बाजूला माझी व साक्षीदारांची सही आहे.)

पुरवणी, दि. ११ मार्च २०२५. कलम ७ साठी सटवाचे वय आणि वारसांची नावे पाहिजे होती, म्हणून संस्कृतीला गाडीवर घाटनांदूरकडे पाठवले. तिला का ते सांगितले नव्हते. ती नावे घेऊन येईल असे वाटले, तर आज सकाळी सटवा आणि त्याची बायको साखराबाई दोघेही दारात. सटवा वाळला आहे. भाऊजी साक्षीसाठी आलेच होते, हरिओमही होता. मी सगळ्यांसमोर कलम ७ मोठ्याने वाचले. संस्कृती खाली बघत ऐकत होती.

आधी साखराबाई बोलली. “आमी त्या साली घाटनांदूरकडं गेलतो. अकरा मेंढ्या वाटंत मेल्या. त्येचं काय लिवलंय?” मी काही लिहिले नव्हते, कारण मला माहीतच नव्हते. आता लिहिते : अकरा मेंढ्या. मला तिची क्षमा मागायची होती. ती मागितली. राहिलेल्या ज्वारीची दोन पोती तिने मोजून घेतली.

मग सटवा म्हणाला, “कागदावर मेंढरू बसत न्हाई, बाई. हक्क नगं मला. बोलावलं तर येतो, न्हाई तर न्हाई. त्ये खोडा.” मी म्हणाले, मग तुला काय देऊ? तो म्हणाला, “तुमी खोटं बोललाव तवा साक्षीला लई जण होते. आता खरं बोलायलाव, तर मला साक्षीला घ्या.”

भाऊजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. हरिओम म्हणाला, ज्याला काही मिळते त्याची साक्ष नको, उद्या कोर्टात प्रश्न येतो. सटवा म्हणाला, “म्हणून तर खोडा म्हणलं.” मी खोडले.

मग तो संस्कृतीबरोबर रानात गेला. मी गेले नाही, गुडघे दुखतात. खालच्या पट्ट्यातल्या तिसऱ्या चौकोनात तो बाभळीला हात लावून उभा राहिला एवढे इथून दिसले. परत आल्यावर संस्कृतीने त्याला विचारले, “बाबा, औंदा बसता का आमच्यात? उठायचं तुमी सांगायचं.” तो म्हणाला, “बघू.” तिने नकाशाची वही काढली, चौकोनांपुढचे माझे नाव खोडले आणि त्याचे लिहिले. माझ्यादेखत खोडले. बरे वाटले, हे मान्य करते.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हरिओम वकील करतील. संस्कृतीवर मी कोणतीही अट घालत नाही. रान तिने ठेवावे की मोडावे हा शब्द आता तिचा. माझी नुसती इच्छा लिहून ठेवते की आठ चौकोन राहावेत.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, वाचून दाखवले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

स्थळ : गोठा, गट नं. ११४, कवठदरा
दिनांक : ११ मार्च २०२५

(सही) विजयमाला भ्र. आसाराम शिनगारे

साक्षीदार क्र. १ : आप्पाराव शिनगारे, वय ६६, धंदा शेती, रा. कवठदरा. (सही)
शेरा : मागच्या खेपेला पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

साक्षीदार क्र. २ : सटवा धोंडिबा देवकते, वय अंदाजे ७२, धंदा मेंढपाळी, रा. फिरता. (डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)
शेरा, सांगितल्यावरून संस्कृतीने लिहिला : समदं ऐकलं. आठ राती. खरं हाय.